तलावातला गाळ कुठे गेला

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. म्हशींची ती फिर्याद मात्र आजही वेगळी, स्वच्छ आठवते. खून नव्हता, दरोडा नव्हता. वर्तमानपत्रात कोपऱ्यात चार ओळी आल्या, तेवढ्याच. पण माणसं आणि पुरावा यांच्याबद्दल त्या प्रकरणाने मला जे शिकवलं, ते मोठ्या गुन्ह्यांनीही शिकवलं नाही.

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या पूर्व भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. लकडगंजच्या लाकडाच्या वखारी ओलांडून पुढे गेलं की आमची हद्द सुरू व्हायची. हद्दीत एक जुना तलाव होता. एका काठाला सूत रंगवणारे, दुसऱ्या काठाला कातड्याची गोदामं. गोदामं केव्हाच बंद पडली होती, पण दोन पिढ्यांचं त्यांचं सगळं सांडपाणी त्या तलावातच मुरलेलं. पाणी हिरवट काळं, उन्हाळ्यात नाकाला रुमाल लावल्याशिवाय काठाने जाता येत नसे.

त्या वर्षी महापालिकेने तलाव रिकामा करून गाळ उपसायचं ठरवलं. बंदोबस्तासाठी मला बैठकीला बोलावलं होतं. शहरातल्या एका प्रयोगशाळेतल्या संशोधक बाई तिथे होत्या. त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं, "वरचा काळा थर नेहमीचा गाळ नाही. कातड्याला कीड लागू नये म्हणून पूर्वी सोमल, म्हणजे आर्सेनिक, वापरायचे, तो त्यात आहे. रंगातली द्रव्यं आहेत. हा गाळ शेतात जाता कामा नये, नाल्यात जाता कामा नये. खालची पिवळी माती लागेपर्यंत काढायचा आणि गावाबाहेरच्या बंद गिट्टीखाणीत पुरायचा. खाणीच्या तळाला चिकणमाती अंथरायची, वरून मुरूम टाकायचा."

कंत्राटदाराने मान डोलावली. कोणीतरी चहा मागवला. बैठक संपली.

पंप लागले, पाणी उतरलं, महिनाभर ऊन खाऊन चिखल घट्ट झाला आणि मजूर उतरले. आमचं काम दोन प्रकारचं. बघ्यांना काठावरून हटवायचं आणि गाळ न्यायला आलेल्या शेतकऱ्यांना परत पाठवायचं. बैलगाड्या घेऊन माणसं दहा-दहा मैलांवरून यायची.

"बाप्पा, तलावाचा गाळ म्हणजे सोनं हाय. काहून नाही म्हनता?" एक म्हातारा मला म्हणाला होता.

"यात विष आहे बाबा."

"मंग उपसता कायले?"

माझे हवालदार त्या गाड्या वळवायचे आणि कंत्राटदाराचे ट्रक भरभरून बाहेर जायचे. सगळं सुरळीत चाललं होतं.

चैत्रात एका सकाळी एक गवळी ठाण्यात आला. वय तिशीच्या आसपास, अंगात बंडी, डोळे लाल. मागे वस्तीतली दहा-पंधरा माणसं. ठाणे अंमलदाराने त्याला बाकावर बसायला सांगितलं, पण तो बसेना.

"साहेब, माया म्हशी मेल्या. मायाच भावानं जहर देल्लं."

त्याची हकीकत अशी. दोघे भाऊ. आई गेल्यावर वाटण्या झाल्या. म्हशी वाटल्या गेल्या, दुधाची गिऱ्हाईकं वाटली गेली, गोठ्याच्या मध्ये भिंत उभी राहिली. भिंतीवरून भांडण झालं आणि थोरला चारचौघांत म्हणाला, "तुया गोठ्यात एक म्हैस राहू देनार नाही." त्यानंतर पंधरवड्यात धाकट्याच्या म्हशी आजारी पडल्या. तोंडाला फेस, जुलाब, पाय टेकवेनात. तीन म्हशी मेल्या. आणि थोरल्याच्या सगळ्या ठणठणीत.

"त्याच्या काहून नाही मेल्या, सांगा नं साहेब?"

प्रश्न बिनतोड होता. मी गुन्हा नोंदवला, जागेवर जाऊन पंचनामा केला. थोरल्याच्या घरी झडतीत कोनाड्यात उंदीर मारायच्या काळ्या पुडीची पुडकी सापडली. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. बाहेर लोकांनी थोरल्याला धरलं होतं, दोन-चार हात पडलेही होते. मी त्याला जीपमध्ये घातलं, ते त्याच्यावर आरोप होता म्हणून आणि तिथे सोडला असता तर तो वाचला नसता म्हणूनही. गुरांच्या डॉक्टरांनी म्हशींची शवचिकित्सा केली, व्हिसेरा काढला. तो आणि ती पुडकी मी रासायनिक तपासणीला पाठवून दिली.

थोरला चाळिशीचा, रुंद खांद्याचा, कमी बोलणारा माणूस. पहिल्या दिवशी त्याने मला एवढंच सांगितलं, "पुडी ढेपीसाठी होती. सरकीच्या ढेपीत उंदीर लागतेत."

"आणि ती धमकी?"

"देल्ली होती. भांडनात मानूस काय काय बोलते."

"मग म्हशी कोणी मारल्या?"

"मले काय ठाऊक? पन म्या नाही मारल्या. त्या माया मायच्या हातच्या होत्या. वाटनीत त्याच्याकडं गेल्या, एवढंच."

मी त्याला वेगवेगळ्या बाजूंनी विचारून पाहिलं. खोटं बोलणारा माणूस बहुतेक वेळा आपली गोष्ट सुधारत जातो. दुसऱ्यांदा विचारलं की जास्त तपशील देतो, तिसऱ्यांदा साक्षीदार काढतो. याची गोष्ट मात्र तितकीच अपुरी राहिली. आणि एक बाब माझ्या लक्षात आली. अटकेतला माणूस सहसा स्वतःबद्दल विचारतो. जामीन केव्हा, वकील कोण, घरी कोणी गेलं का. हा मात्र हवालदाराला रोज विचारायचा, "धाकट्याची ते पारडी जगली का?" एक पारडी आजारी होती, पण तग धरून होती.

वरून विचारणा सुरू झाली. वस्तीतले पुढारी ठाण्यात येऊन बसू लागले. हेतू आहे, धमकी आहे, विष सापडलं आहे, मग दोषारोपपत्राला उशीर का? मी म्हणालो, तपासणीचा अहवाल येऊ द्या. एवढं एकच उत्तर माझ्याकडे होतं.

याच दिवसांत एक पंक्चरवाला ठाण्यात आला. त्याचं म्हशींशी काही देणंघेणं नव्हतं. त्याची तक्रार होती की खाणीच्या रस्त्यावर त्याने टाकलेली टपरी बांधकाम खात्याची माणसं हटवू पाहत आहेत. मी म्हणालो, "अरे, त्या उजाड रस्त्यावर टपरी टाकलीस कशाला?"

"साहेब, तलावाचे ट्रक तिकून जानार, असं समदे म्हनत होते. म्हटलं हवा-पंक्चरचं काम मिळन. पह्यले दोन-चार दिवस गेले. मंग ट्रक येऊनच नाही राहिले."

"दुसऱ्या रस्त्याने जात असतील."

"खानीले दुसरा रस्ताच नाही नं साहेब."

त्याला मी लेखी अर्ज द्यायला सांगितलं आणि तो निघून गेला. पण माझं लक्ष दुसऱ्या कामात लागेना. तलावावरून रोज ट्रक भरून निघत होते, ते मी स्वतः पाहत होतो. मग ते जात कुठे होते?

दुपारी मी एका हवालदाराला घेऊन खाणीवर गेलो. खाणीच्या अलीकडची पुलिया, म्हणजे नाल्यावरचा छोटा पूल, उखडलेली होती. बांधकाम खात्याने ती खणून ठेवली होती आणि बाजूने नाल्याच्या पात्रातून कच्ची वाट काढली होती. वाटेवर ट्रकच्या चाकांची एकही ताजी खूण नव्हती. खाणीच्या तळाला चिकणमाती अंथरलेली होती, नियमाप्रमाणे. तिच्या एका कोपऱ्यात काळ्या गाळाचे थोडे ढीग. बाकी सगळी खाण रिकामी. तिथे कंत्राटदाराचा राखणदार होता. त्याने सांगितलं, ट्रक येतात आणि टाकून जातात. मी खाणीकडे बोट दाखवलं तेव्हा तो बिडी पेटवायला लागला.

परत येताना मला धाकट्याचा तो प्रश्न आठवला. थोरल्याच्या म्हशी का नाही मेल्या? आम्ही सगळ्यांनी त्याचं एकच उत्तर धरलं होतं. मी जीप सरळ गवळ्यांच्या वस्तीत नेली.

धाकट्याला विचारलं, "वाटणी झाल्यावर चरायला कोण कुठे नेतं?"

"तो जुन्या रानात, रेल्वेलाइनच्या अंगानं. माया वाट्याले नाल्याकडची बाजू आली. नव्या ले-आउटपाशी."

"तिथे चारा आहे?"

"चारा जेमतेम. पन म्हशींले तथी लय आवडते. भराव टाकला हाय नं, त्याच्यावर मिठावानी पांढरं येते. चाटत राहतेत. हाकलल्या तरी फिरून जातेत."

मी त्याला जीपमध्ये घेतलं. नाल्याकाठची ती जमीन पूर्वी खोलगट होती, पावसाळ्यात तिथे पाणी साचायचं. कोणीतरी ती विकत घेऊन प्लॉट पाडले होते. खुंट्या ठोकलेल्या, मधून चुन्याच्या रेषा. आणि सगळा भराव काळा. वरून वाळून भेगाळलेला, भेगांच्या कडांना पांढरी पापडी. जीपमधून उतरताच तो वास आला. दोन महिने बंदोबस्ताला उभं राहून तो वास माझ्या कपड्यांत शिरला होता. हवालदार माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, हा तर आपला तलाव आहे."

धाकट्याला अजून काही समजलं नव्हतं. तो म्हणाला, "अथीच चाटत होत्या."

मी भरावाचे नमुने पंचांसमक्ष घेतले, संशोधक बाईंकडे पाठवले आणि संध्याकाळच्या आत एका ट्रकचालकाला ठाण्यात आणवलं. ट्रक वेगळ्याच वाटेने जातात हे कळलं होतं. ते कोणाच्या सांगण्यावरून, आणि गाळ आणखी कुठे कुठे गेला, हे मला त्याच्या तोंडून हवं होतं.

पन्नाशीचा माणूस, तोंडात सुपारी. मी त्याला दमात घेतलं नाही. चहा दिला, गाडी कोणती, किती वर्षांची, असं काहीबाही विचारत राहिलो. मग म्हणालो, "खाणीचा रस्ता कसा आहे? भरलेली गाडी चढते का?"

"एकदम मस्त रस्ता हाय साहेब. सरळ जायचं, पुलियावरून गाडी डावीकडं मारली का खान आली."

"पुलियावरून?"

"हो."

"भरलेली गाडी?"

"हो नं. मजबूत पुलिया हाय."

"ती पुलिया उखडून महिना होत आला," मी म्हणालो.

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "साहेब, आमाले सुपरवायझर सांगते तथी आमी गाडी खाली करतो. ले-आउटवाल्याले भराव पाहिजे होता, खान दूर पडते. दोघाचंही काम झालं. चिखल तं चिखलच असते. शेतकरी हात जोडून मागून नेतेत."

"त्या चिखलात सोमल आहे. तीन म्हशी मेल्या. एक माणूस कोठडीत आहे."

त्याला हे खरंच माहीत नव्हतं. चेहऱ्यावरून कळतं. ज्याला माहीत असतं तो आधी आश्चर्य दाखवतो आणि मग घाबरतो. हा सरळ घाबरला.

"साहेब," तो म्हणाला, "तथी कोपऱ्यात एक विहीर हाय. झोपडपट्टीवाले पानी भरतेत. आमी तिच्या काठापावतर गाडी खाली केली."

मी उठलोच. जबाब नंतर नोंदवता येणार होता.

ऊन उतरायला लागलं होतं. विहिरीवर बायकांची रांग होती, घागरी, बादल्या, पत्र्याचे डबे. विहिरीच्या कठड्याला खेटून काळा भराव. मी दोर ओढून घेतला आणि सांगितलं, पाणी भरायचं नाही. एकच गोंधळ झाला. रांगेत पुढे उभी असलेली एक उंच, काटक बाई माझ्यासमोर आली.

"काहून भरू नाही? तुमच्या बापाची विहीर हाय का?"

"बाई, पाण्यात विष असण्याची शक्यता आहे."

"शक्यता हाय म्हनते! आमी रोज पिऊन राहिलो, मेलो का?"

"म्हशी मेल्या."

ती थबकली. मागे वळून दुसऱ्या बाईला म्हणाली, "काय वं, तुया पोराले परवापासून उलट्या होत होत्या नं?" त्या दुसऱ्या बाईने हातातली भरलेली बादली तिथेच भरावावर ओतून दिली.

पण पहिली बाई हटली नाही. "बरं, नाही भरत. मंग प्यावं काय? ते सांगा. तुमी विहिरीवर शिपाई बसवान, घरी जान. आमी चुलीवर काय ठेवावं?"

तिचं म्हणणं रास्त होतं. विहीर बंद करणं सोपं आणि पाणी देणं अवघड. मी हवालदाराला विहिरीवर बसवलं आणि जवळच्या वखारीत जाऊन फोन मागितला. महापालिकेच्या अभियंत्यांना म्हणालो, "टँकर पाठवा. टँकर येईपर्यंत मी इथून हलणार नाही आणि या बायकाही हलणार नाहीत." टँकर आला तेव्हा त्या बाईने सगळ्यांना ओळीत उभं केलं, म्हाताऱ्यांना पुढे घेतलं आणि स्वतः शेवटी पाणी भरलं. उलट्या होणाऱ्या पोरांना आमच्या जीपने दवाखान्यात पोचवलं. सगळी पोरं सुखरूप घरी आली. विहिरीत सोमल उतरू लागला होता, असं पुढे तपासणीत निघालं. उन्हाळाभर तेच पाणी प्यायले असते तर काय झालं असतं, हा विचार मी फार करत नाही.

काही दिवसांत रासायनिक तपासणीचा अहवाल आला. म्हशींच्या पोटात सोमल. थोरल्याच्या पुडीत वेगळंच विष, नेहमीचं उंदीर मारायचं. भरावाच्या नमुन्यात सोमल. मी थोरल्याच्या सुटकेचा अहवाल कोर्टात पाठवला.

त्याला सोडलं त्या दिवशी धाकटा ठाण्याबाहेर उभा होता. बराच वेळ आत यायला तो धजत नव्हता. थोरला बाहेर आला तेव्हा म्हणाला, "भौ, घरी चाल."

थोरला थांबला. "म्हशींचं दुःख मलेही हाय गा. पन तुनं पह्यलं नाव मायं घेतलं." आणि तो एकटाच रस्त्याला लागला.

कंत्राटदार, सुपरवायझर आणि ले-आउटचा मालक यांच्यावर फसवणूक, विषारी पदार्थाबाबत निष्काळजीपणा आणि पिण्याचं पाणी दूषित करणं, अशी कलमं लावली. आता प्रश्न होता गाळाचा. तलावाचं काम थांबवावं असं काही जण म्हणू लागले. संशोधक बाई ठाम होत्या. "अर्धवट उकरलेला तलाव पावसाळ्यात भरला तर आधीपेक्षा वाईट. काम पूर्ण करा, आणि ले-आउटमधला गाळही उचला. खाणीतच न्या."

तो उचलला गेला. या वेळी महापालिकेने स्वतःचे ट्रक लावले. तरी प्रत्येक ट्रक खाणीत पोचतो की नाही हे बघायला माणूस हवा होता आणि माझ्याकडे शिपाई कमी होते. एका सकाळी थोरला ठाण्यात आला. म्हणाला, "मी बसतो गाडीत."

"तू कशाला?"

"मले खानीपावतर जाऊन पाहाचं हाय."

दूध घालून झालं की तो यायचा आणि ट्रकच्या केबिनमध्ये बसायचा. नाल्याच्या पात्रातून, कच्च्या वाटेने, खाणीपर्यंत. गाळ तळाला पडताना पाहायचा आणि परत यायचा. चालक त्याला कंटाळले. एकाने माझ्याकडे तक्रारही केली की हा माणूस ट्रक रिकामा झाल्यावर फावडं मागतो आणि कोपऱ्यात चिकटलेला चिखलसुद्धा काढायला लावतो. मी तक्रार ऐकून घेतली.

पावसाळ्याच्या तोंडावर तलावात पिवळी माती लागली. संशोधक बाई अनवाणी तळात उतरल्या, ओंजळभर माती उचलून चोळून पाहिली आणि वर बघून हात हलवला. विहीर उपसून, गाळ काढून, तपासून वस्तीला परत दिली.

खटला दोन वर्षांनी उभा राहिला. बचाव पक्षाच्या वकिलाने धाकट्याला पिंजऱ्यात चांगलंच कोंडीत धरलं. म्हशी भावानेच मारल्या, गाळाचा संबंध नाही, असं त्यांना दाखवायचं होतं.

"फिर्यादीत तुम्हीच भावाचं नाव दिलं होतं ना?"

"होय."

"मग तुमचं तेव्हाचं खरं की आजचं?"

कोर्टात मागच्या बाकावर थोरला बसला होता, त्याची साक्ष आधीच झाली होती. धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं नाही. न्यायाधीशांकडे बघून तो म्हणाला, "साहेब, म्हशी जमीन चाटत होत्या, ते मले रोज दिसे. पन मी जमीन नाही पाह्यली, भाऊ पाह्यला."

वकील पुढे काहीतरी विचारत राहिले, पण त्या उत्तरानंतर त्यांच्या प्रश्नांत जोर उरला नाही. सुपरवायझरला आणि ले-आउटच्या मालकाला शिक्षा झाली, फार मोठी नाही. कंत्राटदार अपिलात सुटला. पालिकेने त्याला पुन्हा काम दिलं नाही, एवढंच.

पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या फौजदाराला मी हे प्रकरण सांगत असे. हेतू सापडला की आपण शोध थांबवतो. भांडण झालेलं माणूस समोर असतं, त्याचं नाव लोकांच्या तोंडी असतं, घरात पुडीही सापडते. पण भांडण तर घराघरांत असतं. म्हणून आधी म्हैस कुठे चरत होती ते विचारावं, मग भावाकडे वळावं.

दोघा भावांची साक्ष झाली त्या दिवशी मी कोर्टाच्या पायऱ्यांवर उभा होतो. थोरला आधी बाहेर आला. सायकल काढली, फाटकापर्यंत गेला आणि तिथे एक पाय टेकवून थांबला. धाकटा बाहेर आला, त्याला बघून उभाच राहिला. थोरल्याने नुसती मान मागे कॅरिअरकडे वळवली. धाकटा जाऊन मागे बसला, आणि ती सायकल जराशी डगमगत, मग सरळ होत, महाल भागाकडच्या वाटेने घराकडे गेली.